मांजराच्या ताटलीत मेलॅमाइन

घरात मांजर असले की त्याला बशीत दूध-पोळी घालायची, मासळी आणली की डोकी आणि काटे घालायचे, बाकी उंदीर-पाली त्याचे ते बघते. मांजराच्या आहाराचा विचार आपल्याकडे बराच काळ एवढाच होता. आता शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावच्या दुकानांतही मांजराच्या खाद्याची पाकिटे टांगलेली दिसतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरीही असे पाकीट येत असेल. त्यावर गुबगुबीत मांजराचे चित्र असते आणि मागे बारीक अक्षरांत एक ओळ असते : 'प्रथिने, किमान ३० टक्के'. ही ओळ खरी आहे हे कोणी आणि कसे तपासले? आणि ती खोटी निघाली, तर दुकानांत व घराघरांत जाऊन पडलेल्या लाखो पाकिटांचे काय करायचे?

या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर २००७ साली अमेरिका आणि कॅनडात काय घडले ते पाहावे लागते. ती हकिकत मांजरांची आहे, पण तिच्यात अकरावीच्या पुस्तकातले रसायनशास्त्र आहे, आणि पुढच्याच वर्षी चीनमध्ये तान्ह्या मुलांवर आलेल्या संकटाची सूचनाही आहे.

काय घडले?

मेनू फूड्स ही कॅनडातली कंपनी मांजरांचे व कुत्र्यांचे डबाबंद खाद्य तयार करी. हे खाद्य दुकानांत मात्र निरनिराळ्या नावांनी विकले जाई. स्वस्त मालाचे नाव एक, महागड्या मालाचे दुसरे, मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या मालाचे तिसरे. पण डबे भरले जात ते याच कंपनीच्या कारखान्यांत.

फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीकडे तक्रारी येऊ लागल्या. रश्श्यातल्या मांसाच्या तुकड्यांचे खाद्य खाऊन जनावरे उलट्या करत होती, अन्न टाकत होती, मलूल होत होती. तपासणीत त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आढळत होती. खाद्य जनावरांना आवडते की नाही हे पाहण्यासाठी कंपनीच्या नेहमीच्या चाचण्या चालत. त्या चाचण्यांतही काही मांजरे मेली. १६ मार्च २००७ रोजी कंपनीने ६ कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे बाजारातून परत मागवली. त्यांवर जवळजवळ शंभर वेगवेगळी नावे होती. आपण महागडे खाद्य घेतो म्हणून आपले मांजर सुरक्षित आहे, असे समजणाऱ्या अनेकांचा भ्रम त्या दिवशी फिटला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे पुढच्या काही महिन्यांत १७ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. मालकांच्या सांगण्यानुसार मेलेल्या मांजरांची व कुत्र्यांची संख्या चार हजारांच्या घरात जात होती. अर्थात या प्रत्येक मृत्यूचे कारण तपासून पाहिले गेले होते असे नाही.

संशयित बदलत गेला

कारण शोधण्याचे काम सोपे नव्हते. अशा खाद्यात मांस, धान्य, जीवनसत्त्वे, क्षार मिळून कितीतरी पदार्थ असतात. त्यांतला नवा कोणता? कंपनीने सांगितले की, तक्रारींचा काळ आणि एका नव्या पुरवठादाराकडून घेतलेला एक पदार्थ वापरात आल्याचा काळ एकच आहे. तो पदार्थ म्हणजे गव्हाचे ग्लुटेन.

ग्लुटेन म्हणजे काय हे वर्गात दाखवता येते. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवावी आणि मग पाण्याच्या भांड्यात हलक्या हाताने चोळत धुवावी. पाणी पांढरे होत जाते, तो स्टार्च. शेवटी हातात रबरासारखा ताणला जाणारा चिकट गोळा उरतो, ते ग्लुटेन. तो बहुतांशी प्रथिनांचा असतो. ज्वारीच्या पिठाचा असा गोळा मिळत नाही. भाकरी थापावी लागते आणि पोळी लाटता येते, याचे एक कारण हेच. खाद्याच्या कारखान्यात ग्लुटेन दोन कामांसाठी घालतात : रस्सा दाट व्हावा म्हणून आणि प्रथिनांचे प्रमाण वाढावे म्हणून.

२३ मार्चला न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेने जाहीर केले की, खाद्यात अमिनोप्टेरिन सापडले आहे. हे द्रव्य काही देशांत उंदीर मारण्यासाठी वापरले जात असे. वर्तमानपत्रांना ते पटले, पण दुसऱ्या प्रयोगशाळांना तो निष्कर्ष पक्का करता आला नाही. ३० मार्चला अन्न व औषध प्रशासनाने दुसरेच नाव पुढे केले : मेलॅमाइन. ते ग्लुटेनमध्ये सापडले होते, आणि मेलेल्या मांजरांच्या मूत्रपिंडांतही.

मेलॅमाइन आपल्या ओळखीचे आहे. न फुटणाऱ्या चकचकीत ताटल्या आणि टेबलावरचे गुळगुळीत पत्रे ज्या प्लॅस्टिकचे बनतात, ते मेलॅमाइन आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून करतात. ताटल्यांचा कच्चा माल ताटलीतल्या खाद्यात का आला? चुकून सांडला म्हणावे, तर प्रमाण फार मोठे होते. शिवाय एप्रिलमध्ये दुसऱ्या एका पुरवठादाराच्या 'तांदळाच्या प्रथिना'तही ते सापडले. दोन्ही माल चीनमधून आले होते. मे महिन्यात आणखी एक गोष्ट उघड झाली : ग्लुटेन आणि तांदळाचे प्रथिन म्हणून विकलेल्या त्या मालात खरे तर साधे गव्हाचे पीठ होते.

नायट्रोजन मोजला, प्रथिन समजले

आता अकरावीच्या पुस्तकाकडे वळू. १८८३ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने सेंद्रिय पदार्थांतला नायट्रोजन मोजण्याची एक पद्धत शोधली. ही प्रयोगशाळा एका बिअरच्या कारखान्याची. बिअरसाठी लागणाऱ्या धान्यात प्रथिने किती, हे तिथे वारंवार मोजावे लागे. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, म्हणजे त्यातल्या नायट्रोजनचे अमोनियम सल्फेट होते. मग त्यात अल्कली घालून अमोनिया बाहेर काढायचा, तो आम्लात पकडायचा आणि अनुमापनाने मोजायचा.

प्रथिनांत नायट्रोजन सरासरी १६ टक्के असतो. म्हणजे १०० ला १६ ने भागून येणाऱ्या ६.२५ या आकड्याने नायट्रोजनला गुणले की प्रथिनांचे प्रमाण मिळते. ही पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे, म्हणूनच ती शंभराहून अधिक वर्षे जगभर चालत आली आहे. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : नमुन्यातला नायट्रोजन प्रथिनांमधूनच आला आहे. नमुना पाठवणारा प्रामाणिक असेल तोपर्यंत हे गृहीत बरोबर ठरते.

मेलॅमाइनच्या रेणूत तीन कार्बन, सहा हायड्रोजन आणि सहा नायट्रोजन अणू असतात. विद्यार्थ्यांना रेणुभार काढायला सांगावा. तो १२६ येतो, त्यात नायट्रोजनचा वाटा ८४. म्हणजे वजनाच्या ६६.७ टक्के केवळ नायट्रोजन! याला ६.२५ ने गुणले तर सुमारे ४१७ येतात. १ ग्रॅम मेलॅमाइन तपासणीत ४ ग्रॅमहून अधिक प्रथिन म्हणून दिसते.

आता हे गणित पिठाला लावू. पिठात १० टक्के प्रथिने आहेत असे धरा. त्याच्या ९५ ग्रॅममध्ये नायट्रोजन १.५२ ग्रॅम. त्यात ५ ग्रॅम मेलॅमाइन मिसळले, म्हणजे आणखी ३.३३ ग्रॅम. एकूण ४.८५ गुणिले ६.२५, म्हणजे सुमारे ३० टक्के 'प्रथिने'. पोषणाची किंमत शून्य असलेली ५ ग्रॅम पांढरी पूड घातली आणि कागदावर प्रथिने तिप्पट झाली. ही पूड प्रथिनांपेक्षा कितीतरी स्वस्त असते. कारखान्यात शुद्ध मेलॅमाइन बाजूला काढल्यावर उरणारा गाळ तर त्याहूनही स्वस्त.

हीच युक्ती आपल्याकडेही चालते. दुधात पाणी घालून वर युरिया मिसळणाऱ्यांना माहीत असते की, युरियातही नायट्रोजन भरपूर असतो.

एकटे निरुपद्रवी, दोघे मिळून घातक

मात्र कोडे सुटले नव्हते. मेलॅमाइन फारसे विषारी नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या प्रयोगांत त्याची प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलोमागे ३ ग्रॅमहून अधिक, म्हणजे साधारण मिठाएवढीच आढळली होती. मग मांजरे मेली कशी?

मेलेल्या जनावरांच्या मूत्रपिंडांत बारीक, गोलसर, हिरवट-तपकिरी स्फटिक दिसत होते. भेसळीच्या मालात मेलॅमाइनबरोबर त्याचे काही भाऊबंदही होते. त्यांतले महत्त्वाचे सायन्युरिक आम्ल. पोहण्याच्या तलावातले क्लोरीन उन्हाने लवकर उडून जाऊ नये म्हणून हे वापरतात. तेही एकटे फारसे घातक नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात संशोधकांनी मांजराच्या मूत्रात ही दोन्ही द्रव्ये टाकून पाहिली, तेव्हा काही तासांतच तसले स्फटिक तयार झाले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी थोड्या मांजरांवर प्रयोग केला. एकटे मेलॅमाइन खाल्लेल्या मांजराला काही झाले नाही, एकटे सायन्युरिक आम्ल खाल्लेल्यालाही नाही. दोन्ही मिळून दिलेल्या मांजरांची मूत्रपिंडे दोन दिवसांत निकामी झाली.

असे का? दोन्ही रेणूंचे मूळ कडे सारखेच आहे : एकाआड एक कार्बन आणि नायट्रोजन यांचा षट्कोन. मेलॅमाइनच्या कड्याला तीन अमिनो गट, तर सायन्युरिक आम्लाच्या कड्याला तीन ऑक्सिजन. एकाची कड दुसऱ्याच्या कडेला लागली की तीन हायड्रोजन बंध जुळतात. डीएनएच्या शिडीत ग्वानिन आणि सायटोसिन असेच तीन बंधांनी धरलेले असतात. पण इथे प्रत्येक रेणूला अशा तीन कडा आहेत. त्यामुळे जोडीवर काम थांबत नाही, षट्कोनांची जाळी पसरत जाते. या जाळीचे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत.

पोटातल्या आम्लात मात्र ते सुटे होतात. सुटे रेणू रक्तात शोषले जातात आणि शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडाकडे पाठवते. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत पाणी परत शोषले जाते आणि मूत्र घट्ट होत जाते. तिथे दोन्ही रेणू दाटीने एकमेकांना भेटतात, पुन्हा स्फटिक होतात आणि नलिका तुंबतात. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. थोड्या पाण्यात भागवून अतिशय घट्ट मूत्र करणे हा त्यांचा गुण. शिवाय मांजराचे वजन चार-पाच किलो, आणि अनेक घरांत ते रोज, दोन्ही वेळा, एकाच प्रकारचे पाकीट खाते. आपण दहा प्रकारचे अन्न खातो, म्हणून एखाद्या पदार्थातली भेसळ थोडी विभागली जाते. पाकिटावर जगणाऱ्या मांजराला ती सोय नाही.

इशारा होता

२००४ साली आशियातल्या काही देशांत कुत्र्यांना असाच मूत्रपिंडाचा आजार झाला होता. तेव्हा बुरशीच्या विषावर संशय घेतला गेला आणि प्रकरण मिटले. २००७ नंतर जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा तेच दोन रेणू सापडले. नमुने जपले होते म्हणून हे कळले, पण तीन वर्षे उशिरा.

आणि २००७ चा इशाराही पुरेसा ऐकला गेला नाही. २००८ साली चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत मेलॅमाइन निघाले. दुधात पाणी घालायचे आणि प्रथिनांची तपासणी पार पडावी म्हणून मेलॅमाइन टाकायचे, हीच युक्ती. सरकारी आकड्यांनुसार सुमारे ३ लाख मुले आजारी पडली आणि सहा दगावली. मुलांच्या मूत्रपिंडांत जे खडे झाले, त्यांत मेलॅमाइनचा जोडीदार होता युरिक आम्ल. ते बाहेरून यावे लागले नाही, मुलांच्या स्वतःच्या शरीरातच होते. भारताने सप्टेंबर २००८ मध्ये चीनमधून दूध व दुधाचे पदार्थ आणण्यावर बंदी घातली. २०१० साली अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय आयोगाने मेलॅमाइनची मर्यादा ठरवली : बाळांच्या दूधभुकटीत किलोमागे १ मिलिग्रॅम, इतर अन्नात व जनावरांच्या खाद्यात २.५ मिलिग्रॅम.

माल परत मागवणे म्हणजे काय?

कारखान्यात माल तुकड्यातुकड्यांनी तयार होतो. प्रत्येक तुकडीला क्रमांक असतो, तोच पाकिटावरचा बॅच नंबर. दोष सापडला की तो कोणत्या तुकड्यांत आहे ते शोधायचे, त्या कुठे गेल्या ते पाहायचे, आणि दुकानांतून व घरांतून त्या परत घ्यायच्या. क्रमांक नसेल तर सगळाच माल संशयित ठरतो, किंवा कोणताच ठरत नाही.

२००७ साली अमेरिकेच्या प्रशासनाला माल परत मागवण्याचा हुकूम कंपनीला देण्याचा अधिकार नव्हता. ते आग्रह धरू शकत होते, इतकेच. हा अधिकार २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळाला. त्या कायद्यात माणसांच्या अन्नाबरोबर जनावरांचे खाद्यही आले. भेसळीचा माल आयात करणाऱ्या कंपनीने व तिच्या मालकांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि मांजरे व कुत्री गमावलेल्या मालकांच्या दाव्यांत २.४ कोटी डॉलरची तडजोड झाली.

माल परत मागवण्याचे कारण दर वेळी भेसळच असते असे नाही. कधी साल्मोनेला जंतू सापडतात, कधी ब१ जीवनसत्त्व कमी पडते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते आणि मांजराला ते जास्त लागते, म्हणून डबे शिजवताना हिशेब चुकला तरी धोका. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत कच्च्या टर्की पक्ष्याच्या मांसाचे गोठवलेले खाद्य परत मागवले गेले. ते खाल्लेले ओरेगॉन राज्यातले एक मांजर बर्ड फ्लूने मेले होते, आणि मांजरातल्या व खाद्यातल्या विषाणूंचा जनुकीय आराखडा जुळला होता.

मांजर पाळणाऱ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, पाकीट फेकू नये. पुष्कळ घरांत खाद्य डब्यात ओतून पाकीट कचऱ्यात जाते आणि त्याबरोबर बॅच नंबरही. खाद्य पाकिटासकट डब्यात ठेवावे, निदान क्रमांकाचा आणि तारखेचा भाग कापून डब्याला चिकटवावा.

दुसरी, परत मागवल्याची बातमी आली तर केवळ नाव पाहू नये. पाकिटाचा आकार, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख जुळवून पाहावी. जुळल्यास खाद्य लगेच बंद करावे. ते रस्त्यावरच्या मांजरांना किंवा कोंबड्यांना घालू नये. २००७ साली कारखान्यात उरलेले भेसळीचे खाद्य अमेरिकेतल्या डुकरांना आणि कोंबड्यांना घातले गेले होते, आणि मग त्या मांसाचीही चौकशी करावी लागली. थोडा नमुना पिशवीत बंद करून, वर तारीख लिहून वेगळा ठेवावा. भांडी आणि हात साबणाने धुवावेत.

तिसरी, लक्षणे ओळखावीत. मांजर खायचे थांबले, वारंवार उलटी करू लागले, एकदम फार पाणी पिऊ लागले, लघवी फार वाढली किंवा बंद झाली, कोपऱ्यात बसून राहिले, तर वाट पाहू नये. पशुवैद्याकडे जाताना पाकीट बरोबर न्यावे. रक्तातले क्रिएटिनिन आणि युरिया पाहिले की मूत्रपिंडे काम करतात की नाही ते समजते. लवकर सलाइन दिल्याने काही जनावरे वाचतात.

चौथी, घाबरून पाकीट सोडून केवळ दूध-भातावर येऊ नये. मांजर हे मांसाहारी जनावर. त्याला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते, आणि ते धान्यात नसते. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवले की, टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदय फुगून अशक्त होते, आणि ते पुरवले तर सुधारते. गंमत अशी की, ती मांजरेही बाजारातले खाद्यच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवले. म्हणजे खाद्य बाजारातले असो की घरचे, त्यात काय आहे हे विचारावेच लागते.

आपल्याकडे काय?

भारतात २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या 'अन्न' या व्याख्येत जनावरांचे खाद्य येत नाही. त्यामुळे माणसांच्या अन्नासाठी २०१७ साली झालेले माल परत मागवण्याचे नियम मांजराच्या पाकिटाला लागू नाहीत. धोकादायक वस्तू परत मागवण्याचा सर्वसाधारण अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे, आणि ते स्वतःहूनही चौकशी करू शकते. पण आपण तक्रार करायची, तर तक्रारीला पुरावा लागतो. पाकीट, पावती, नमुना आणि पशुवैद्याचा कागद, हाच तो पुरावा. बाहेरदेशी तयार झालेले खाद्य घेणाऱ्यांनी त्या देशातल्या घोषणांकडेही लक्ष ठेवावे.

वर्गात हा विषय घेताना केल्डालची पद्धत शिकवून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा : 'तुम्हाला या तपासणीला फसवायचे असेल तर काय कराल?' मुले युरियापर्यंत लवकर पोहोचतात असे वाटते. मग पुढचा प्रश्न : 'आणि तुम्ही तपासणारे असाल तर?' नायट्रोजनबरोबर अमिनो आम्लेही मोजावीत, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, मेलॅमाइन वेगळे ओळखणारी चाचणी करावी, अशी उत्तरे निघतील. ती चाचणी २००७ च्या आधीही करता आली असती. मांजराच्या खाद्यात कोणी ताटल्यांचा कच्चा माल घालेल, हे कोणाच्या मनात आले नव्हते म्हणून कोणी ती केली नाही. पाकीट पुरवणारे मांजर पाळत नाहीत, आणि मांजराला वाचता येत नाही. त्यामुळे ती बारीक अक्षरे वाचण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.